डिगॉक्सिन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन दिलं आणि बाबा आयसीयूत गेले. हा 'पंप' नक्की कुठला?

विणकराची_लेक (सोलापूर)

नमस्कार. प्रश्न लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही.

बाबा ७१ वर्षांचे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं. चार वर्षांपूर्वी हृदयाचे ठोके अनियमित झाले, हृदय थोडं कमजोर आहे असंही निघालं. तेव्हापासून डिगॉक्सिनची ०.२५ मिलिग्रॅमची गोळी, सोमवार ते शुक्रवार रोज एक, शनिवार-रविवार सुट्टी. सोबत लघवीची गोळी आणि रक्त पातळ करायची गोळी. चार वर्षांत एक तक्रार नाही.

यंदा गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मागे नेहमीसारखे चालले. धूळ, पहाटेची थंडी, दोन दिवसांत खोकला आणि ताप. घराजवळच्या दवाखान्यात दाखवलं. फाइल घरीच राहिली होती, आम्ही 'बीपीची गोळी चालू आहे' एवढंच सांगितलं. क्लॅरिथ्रोमायसिन ५०० दिवसातून दोनदा, सात दिवस, असं लिहून दिलं.

तिसऱ्या दिवशी जेवण सुटलं. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर दही असलं की दुसरं काही न मागणारा माणूस, ताट बाजूला सारून बसला. अँटिबायोटिक उष्ण पडलं असेल म्हणून आईने ताक दिलं. पाचव्या दिवशी उलट्या. सहाव्या दिवशी संध्याकाळी मला म्हणाले, "ह्या ट्यूबलाइटला हळद लावली का गं कुणी?" मी वर बघितलं. ट्यूब पांढरीच होती. उठायला गेले तर तोल गेला. बोटाला लावायचं मशीन लावलं, नाडी ४२.

रात्रीच दवाखान्यात हलवलं. रक्तात डिगॉक्सिन ३.१ निघालं, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारा आकडा) १.४, पोटॅशियम कमी. पाच दिवस आयसीयू. आता घरी आहेत, जेवतात.

तिथल्या तरुण डॉक्टर म्हणाल्या, "क्लॅरिथ्रोमायसिनने पंप बंद केला." आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, डिगॉक्सिन लिव्हरमध्ये फारसं मोडतच नाही. मग लिव्हरचा संबंध नाही, गोळी एकाची दोन झाली नाही, तर रक्तात एवढं औषध आलं कुठून? आणि पंप म्हणजे काय, हृदय का? मला राग काढायचा नाही. मला समजून घ्यायचं आहे.

निवृत्त_सिस्टर

ताई, बाबा घरी आले हे वाचून बरं वाटलं. पंपाचं जाणकार सांगतील. मी वॉर्डातली गोष्ट सांगते. डिगॉक्सिनची गोळी हातात घेतली की आधी नाडी मोजायची, पूर्ण एक मिनिट, घड्याळाकडे बघून. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण ठोके अनियमित असतात. साठच्या खाली असेल तर गोळी द्यायची नाही, डॉक्टरांना कळवायचं. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं आणि मी शेवटच्या ड्यूटीपर्यंत पाळलं. घरच्यांनाही हे जमतं. मनगटावर तीन बोटं ठेवायला कुणीही शिकू शकतं.

जेवण सुटणं ही या गोळीची पहिली खूण असते. पिवळं दिसणं नंतरची. म्हातारं माणूस जेवत नाही म्हटलं की आपण ताकच देतो, तुमच्या आईंचं काही चुकलं नाही.

पार्क_चौक_७७

सरळ तक्रार करा त्या दवाखान्यावर. असं न विचारता औषध लिहितातच कसं?

औषधवाला_काका

सात रस्त्याच्या बाजूला माझं मेडिकल आहे, बावीस वर्षं झाली. विणकराची लेक, तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. सविस्तर लिहितो, कारण हा विषय माझ्या जिवाला लागलेला आहे. का, ते खाली येईल.

आधी तुमचा गोंधळ सोडवतो. या गोष्टीत पंप दोन आहेत आणि दोन्हींपैकी एकही म्हणजे हृदय नव्हे. दोन्ही पेशीच्या पातळ आवरणात बसवलेली प्रथिनं आहेत, डोळ्यांना न दिसणारी.

पहिला पंप हृदयाच्या स्नायूपेशीत असतो. तो सोडियम बाहेर टाकतो आणि पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या पायातल्या नसांवर काम करताना तो दाखवला आणि १९९७ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. डिगॉक्सिन जे काही करतं ते याच पंपाला आवळून. पोटॅशियम आणि डिगॉक्सिन यांची या पंपावर जागेसाठी ओढाताण असते. लघवीच्या गोळीने आणि उलट्यांनी पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिन जास्त घट्ट बसतं. बाबांचं पोटॅशियम कमी होतं म्हणालात, त्यामुळे ३.१ चा तडाखा आणखी वाढला.

पण डॉक्टर बाई बोलल्या तो हा पंप नव्हे. त्यांचा पंप दुसरा, त्याचं नाव पी-ग्लायकोप्रोटीन. १९७६ मध्ये टोरांटोत ज्युलियानो आणि लिंग यांना तो सापडला, तोही औषधाला दाद न देणाऱ्या पेशी तपासताना. त्या पेशींमध्ये औषध टिकतच नव्हतं. नावातला 'पी' म्हणजे पर्मिअ‍ॅबिलिटी, म्हणजे आवरणातून आरपार जाण्याशी संबंध असलेला.

तो काय करतो? माझं बालपण पूर्व भागात गेलं. आजोबांचा खड्डामाग होता. माग जमिनीवर, आणि पाय सोडायला खाली खड्डा. पावसाळ्यात त्या खड्ड्यात भिंतीतून पाणी झिरपायचं. आजी पत्र्याचा डबा घेऊन दिवसभर उपसत राहायची. पाणी कायम घोट्याइतकं असायचं, कारण जेवढं झिरपायचं तेवढंच ती काढायची. एकदा तिला ताप आला, दोन दिवस डबा कोपऱ्यात पडून राहिला. पाऊस तेवढाच होता, एक थेंब जास्त नाही, पण पाणी गुडघ्यापर्यंत चढलं आणि ताण्याचे धागे भिजले.

तुमच्या बाबांचं हेच झालं. गोळी तीच, उपसा थांबला.

हा उपसा तीन ठिकाणी चालतो. एक, आतड्याच्या आतल्या अस्तरात. गोळी विरघळून पेशीत शिरते, आणि पी-ग्लायकोप्रोटीन त्यातला काही भाग पुन्हा आतड्यात फेकतं. म्हणून गोळीतलं सगळं डिगॉक्सिन रक्तात पोचत नाही, साधारण ६० ते ८० टक्केच पोचतं, आणि डॉक्टरांचा डोस तो हिशेब धरूनच ठरलेला असतो. दुसरं ठिकाण लिव्हर. इथे मोडतोड नाही, पण पित्ताच्या बारीक नळ्यांच्या तोंडाशी हेच पंप बसलेले असतात आणि औषध पित्तात ढकलतात. तिसरं आणि डिगॉक्सिनसाठी सर्वांत महत्त्वाचं, किडनी. निम्म्याहून अधिक डिगॉक्सिन जसंच्या तसं लघवीतून जातं. काही गाळून जातं, काही नळीच्या पेशी पंपाने बाहेर टाकतात.

क्लॅरिथ्रोमायसिन हा पंप अडवतं. म्हणजे आतड्यातून जास्त आत आलं आणि किडनीतून कमी बाहेर गेलं, दोन्ही एकाच वेळी. तुमचे डॉक्टर चुकीचं बोलले नाहीत, डिगॉक्सिन लिव्हरमध्ये फारसं मोडत नाहीच. आपल्याकडे 'औषधांची भांडणं' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे लिव्हरच येतं. औषध मोडणं वेगळं आणि औषध वाहून नेणं वेगळं. हे दुसरं काम करणाऱ्या प्रथिनांना ट्रान्सपोर्टर म्हणतात, आपण वाहक म्हणू.

तिसऱ्या दिवशीच का, पहिल्या दिवशी का नाही? किडनी धडधाकट असली तरी डिगॉक्सिन अर्धं व्हायला ३६ ते ४८ तास लागतात, आणि १.४ क्रिएटिनिनला ७१ व्या वर्षी त्याहून जास्त. त्यामुळे पाणी हळूहळू चढतं, आणि उतरतंही हळूहळू. पाच दिवस आयसीयूत ठेवलं ते त्यासाठीच. कमजोर हृदयासाठी साधारण ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर एवढी पातळी पुरते. २ च्या वर धोका. बाबांची ३.१ होती.

हे एखाद्याच नशिबी येतं असंही नाही. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात ६६ आणि त्यापुढच्या वयाच्या लोकांच्या नोंदी तपासल्या होत्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. डिगॉक्सिनची विषबाधा होऊन भरती झालेल्यांनी आधीच्या आठवड्यात क्लॅरिथ्रोमायसिन घेतलेलं असण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ बारा पट होती.

आता माझं. दुकान टाकून तिसरं वर्ष असेल. एक आजी नातवाला पाठवून डिगॉक्सिन न्यायच्या. एक दिवस नातू दुसरी चिठ्ठी घेऊन आला, दुसऱ्या डॉक्टरांची, व्हेरापॅमिलची. मी दोन्ही स्ट्रिपा एकाच पिशवीत घातल्या. व्हेरापॅमिलही हाच पंप अडवतं, आणि वर नाडीही मंद करतं. हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. काउंटरवर गर्दी होती, आणि माझ्या डोक्यात ते आलं नाही. आठ दिवसांनी नातू सांगत आला की आजी चक्कर येऊन मोरीत पडल्या, खुबा मोडला. त्या पुन्हा कधी नीट चालल्या नाहीत. पिशवी मी बांधली होती.

त्या दिवसापासून गल्ल्याजवळ एक लांब वही आहे. माझ्याकडून डिगॉक्सिन नेणारा प्रत्येक माणूस तिच्यात आहे. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, व्हेरापॅमिल, अ‍ॅमिओडॅरोन, इट्राकोनॅझोल, सायक्लोस्पोरिन यांची चिठ्ठी आली की हात आधी वहीकडे जातो. नाव सापडलं तर डॉक्टरांना फोन करतो. एकदाही कुठल्या डॉक्टरांनी वाईट वाटून घेतलेलं नाही.

पार्क चौक, तुमचा राग कळतो. पण दवाखान्यात फाइल नव्हती, आणि सांगितलं गेलं 'बीपीची गोळी'. माझ्या मते इथे चुकलं ते हे की बाबांच्या सगळ्या गोळ्या एका कागदावर कुठेच नव्हत्या.

एक विचारायचं राहिलं. रक्त पातळ करायची गोळी कुठली?

विणकराची_लेक

काका, हे मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. खड्डामागाचं आलं तेव्हा ते ऐकता ऐकता उठून बसले. त्यांच्या वडिलांचाही खड्डामाग होता.

रक्त पातळ करायची गोळी वॉरफरिन.

आणि आता मला घरातल्या प्रत्येक गोळीची काळजी वाटायला लागली आहे. आईला सुताच्या धुळीची अ‍ॅलर्जी आहे, शिंका आणि नाक वाहणं. फेक्सोफेनाडिन १२० घेते. सकाळी संत्र्याच्या रसासोबत घेते, पोटाला बरं म्हणून. "गोळीचा काही उपयोग होत नाही" ही तिची कायमची तक्रार. तिच्या बाबतीतही असलाच पंप आहे का?

औषधवाला_काका

वॉरफरिन असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ती तपासणी, करून घ्या, या आठवड्यातच. ती लिव्हरमध्ये मोडणारी गोळी, आणि क्लॅरिथ्रोमायसिन तिथेही आडवं येतं. एकाच अँटिबायोटिकने दोन वेगळे रस्ते अडवले. रक्त पातळ करायची डॅबिगॅट्रान असती तर ती पुन्हा याच पी-ग्लायकोप्रोटीनवर आली असती.

आईंच्या गोळीचं उत्तर आमची एम.फार्म. करणारी मंडळी जास्त छान देतील. मी वाट बघतो.

एम_फार्म_दुसरं_वर्ष

काकांनी बोलावलं म्हणून लिहिते. विणकराची लेक, तुमच्या आईंची तक्रार खरी असण्याची बरीच शक्यता आहे, आणि इथे प्रकार उलटा आहे.

वाहक फक्त बाहेर फेकणारे नसतात. काही औषधाला हाताला धरून आत आणतात. फेक्सोफेनाडिन आपलं आपण आतड्याच्या पेशीत फारसं शिरू शकत नाही, त्याला ओएटीपी नावाच्या वाहकांची मदत लागते. संत्रं, सफरचंद, ग्रेपफ्रूट यांच्या रसातली द्रव्यं नेमके हेच वाहक अडवतात. मग गोळी आतड्यातच राहते आणि पुढे निघून जाते. म्हणून या औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की फळांच्या रसासोबत घेऊ नका, पाण्यासोबत घ्या. रस आईंना आवडत असेल तर खुशाल घेऊ द्या, पण गोळीच्या वेळेपासून चांगला लांब. डोस वाढवायच्या आधी आठ-दहा दिवस एवढंच करून बघा.

एकीकडे बाहेर काढणारा अडला तर औषध चढतं, दुसरीकडे आत आणणारा अडला तर औषध पोचतच नाही. आणि वाहक वाढूही शकतात. टीबीचं रिफॅम्पिसिन घेतल्यावर आतड्यातलं पी-ग्लायकोप्रोटीन वाढतं. १९९९ मध्ये जर्मनीत निरोगी स्वयंसेवकांना रोज ६०० मिलिग्रॅम रिफॅम्पिसिन दिलं. आतड्याचे छोटे तुकडे काढून पाहिलं तर हे प्रथिन सरासरी साडेतीन पट झालं होतं, आणि तोंडाने दिलेलं डिगॉक्सिन रक्तात बरंच कमी दिसत होतं. तेच डिगॉक्सिन शिरेतून दिलं तर फरक थोडाच. म्हणजे अडवणूक आतड्याच्या दारातच होत होती. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण एकच औषध दोन वाटांनी देऊन त्यांनी जागा पकडून दाखवली.

आणखी एक गोष्ट, हे पंप मुळात आपल्या रक्षणासाठी आहेत हे पटावं म्हणून. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही पी-ग्लायकोप्रोटीन असतं. अ‍ॅमस्टरडॅममध्ये ज्या उंदरांच्या शरीरातून हे प्रथिन बनवणारं जनुक काढून टाकलं होतं, त्यांच्या अंगावरच्या किडी मारायला नेहमीसारखं आयव्हरमेक्टिन फवारलं. साध्या उंदरांना काही झालं नाही, हे मात्र मेले. तपासल्यावर त्यांच्या मेंदूत ते औषध जवळजवळ ९० पट जास्त निघालं. हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालं. जुलाबावर आपण जे लोपेरामाइड घेतो ते अफूच्या जातीचं औषध आहे, पण त्याने गुंगी येत नाही, कारण हाच पंप त्याला मेंदूत टिकू देत नाही.

जुळे_सोलापूर_आजोबा

माहिती चांगली आहे, पण मला भीती वाटते. हे वाचून माझ्यासारखे लोक गोळ्या बंद करतील. मी स्वतः मेटफॉर्मिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी घेतो. यांनाही वाहक असतील ना? मग काय करायचं?

एम_फार्म_दुसरं_वर्ष

आजोबा, असतात. मेटफॉर्मिन शरीरात अजिबात मोडत नाही, किडनीचे वाहक ते रक्तातून उचलतात आणि लघवीत टाकतात, म्हणून तर डॉक्टर क्रिएटिनिन बघत राहतात. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी लिव्हरमध्ये शिरते तीही एका ओएटीपीच्या मदतीने. काही लोकांत जन्मतःच तो वाहक जरा मंद असतो. अशांना सिम्व्हास्टॅटिनच्या मोठ्या डोसने स्नायू दुखण्याचा त्रास जास्त होतो, हे २००८ मध्ये दिसून आलं. पण मेटफॉर्मिन आणि स्टॅटिन लाखो लोक रोज एकत्र घेतात, ही जोडी अडचणीची नाही. पाय विनाकारण दुखायला लागले किंवा लघवीचा रंग गडद झाला तर मात्र वाट न बघता दाखवा.

औषधवाला_काका

आजोबा, तुमची भीती रास्त आहे म्हणून स्पष्ट लिहितो. इथे वाचून कुणीही कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. डिगॉक्सिन अचानक सोडलं तर ठोके पुन्हा बेभान होऊ शकतात. बहुतेक गोळ्यांना एवढी बारीक नजर लागत नाही. ज्यांच्यात उपयोगाची पातळी आणि विषाची पातळी अगदी जवळजवळ असते, तिथेच हे पंप जिवावर बेततात. डिगॉक्सिन त्यातलं. संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं मेथोट्रेक्सेट त्यातलं. ते किडनीच्या वाहकांनी बाहेर जातं आणि काही दुखण्याच्या गोळ्या तिथे आडव्या येतात. किडनी बदललेल्यांच्या सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस या गोळ्याही त्यातल्याच. घरात यांपैकी काही चालू असेल, तर नव्या डॉक्टरांकडे आणि नव्या मेडिकलमध्ये तोंड उघडलं की पहिलं वाक्य त्या गोळीचं नाव असलं पाहिजे. 'बीपीची गोळी' नव्हे, 'हृदयाची गोळी' नव्हे. नाव. जमत नसेल तर रिकामी स्ट्रिप खिशात ठेवा.

निवृत्त_सिस्टर

रिकामी स्ट्रिप, अगदी बरोबर. आणि स्ट्रिप कापताना नावाची बाजू कापून टाकू नका हो, काका. तुम्ही मेडिकलवाले नेमकी तीच कापता आणि पेशंट आमच्याकडे नुसता चांदीचा तुकडा घेऊन येतात.

औषधवाला_काका

सिस्टर, मान्य. उद्यापासून मुलांना सांगतो, सुटी गोळी द्यायची असेल तर नाव असलेली बाजू शेवटी.

विणकराची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं कळवते.

आयएनआर ४.२ आला. डॉक्टरांनी वॉरफरिन दोन दिवस थांबवून डोस बदलला. काका, तुम्ही विचारलं नसतं तर आम्ही केलंच नसतं. डिगॉक्सिन आता निम्मं केलं आहे, ०.१२५.

आई गेले नऊ दिवस गोळी पाण्यासोबत घेते. काल घरात झाडू मारला, कोपऱ्यातून सुताचे पुंजके निघाले, आणि तिला एकच शिंक आली. ती म्हणते योगायोग असेल. मला नाही वाटत.

बाबांनी स्वतःच्या अक्षरात पुठ्ठ्यावर सगळ्या गोळ्यांची नावं लिहिली. मराठीत, मोठ्या अक्षरात, टॉवेलच्या गठ्ठ्यावर नंबर टाकायचे तशी. एक पुठ्ठा कॅलेंडरच्या खिळ्याला, एक सदऱ्याच्या खिशात. सकाळी गोळीच्या आधी आई नाडी मोजते, घड्याळ माझ्या हातात असतं. आज ६८.

शेवटचं एक. गुरुवारी डिगॉक्सिनची पातळी पुन्हा बघायची आहे. रक्त गोळी घेऊन द्यायचं का न घेता?

औषधवाला_काका

न घेता. सकाळची गोळी घेतल्यावर निदान सहा तास गेल्याशिवाय काढलेल्या रक्ताचा आकडा खोटा मोठा दिसतो, कारण औषध अजून रक्तातून अवयवांत पसरलेलं नसतं. बुधवारी गोळी घेऊ द्या, गुरुवारी सकाळी रक्त द्या, आणि मग घरी येऊन त्या दिवशीची गोळी. लॅबच्या चिठ्ठीवर शेवटची गोळी किती वाजता घेतली तेही लिहायला सांगा.